चिकटलंय की धरलंय?

पहिल्यांदा तयार प्रथिन हातात आलं त्या दिवशी त्यातलं निम्मं पिपेटच्या टिपमध्येच राहिलं. टिप बदलली, पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. उरलेलं नळीच्या भिंतीला जाऊन बसलं, आणि तळाशी थेंबभर दिसत होतं ते मोजायला घेतलं तर मोजायच्या काचेलाच चिकटलं. आमच्या प्रयोगशाळेतला पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा), ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, शेजारच्या बाकावरून बघत होता. "अगं, चिकटणारं प्रथिन करायला निघालीस ना? मग ते चिकटतंय. रडतेस कशाला?"

रडत नव्हते, पण आणखी एक टिप वाया गेली असती तर सांगता येत नाही.

मला जे करायचं होतं ते कागदावर एका ओळीत मावतं. शिंपल्याच्या चिकटप्रथिनाला एक छोटा तुकडा जोडायचा, त्या तुकड्याच्या आधारानं ग्रोथ फॅक्टर धरून ठेवायचा, आणि हे सगळं प्लास्टिकवर किंवा स्कॅफोल्डवर (पेशी वाढवायच्या सांगाड्यावर) असं लेपायचं की वर बसणाऱ्या पेशींना वाढीचा निरोप जागच्या जागी मिळत राहील. या एका ओळीनं माझी तीन वर्षं घेतली. सगळी तीन वर्षं सांगत बसत नाही. जिथे माझी फसगत झाली तेवढंच नीट सांगते, कारण ती फसगत प्रत्येक वेळी एकाच जागी होत होती.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला 'वाढ', 'सरक', 'अमक्या प्रकारची हो' असं सांगणारी छोटी प्रथिनं. स्टॅनली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते यांच्याच शोधासाठी. एवढं ऐकलं की वाटतं, जखमेवर थेंब टाकला की काम झालं. प्रत्यक्षात ही मंडळी एका जागी ठरत नाहीत. मी वापरायचे तो एफजीएफ-२ नावाचा ग्रोथ फॅक्टर नुसता माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, सोडून ३७ अंशांवर ठेवला तर दिवसभरात त्याची बरीचशी ताकद जाते. म्हणून पेशी वाढवणारे लोक रोज नाहीतर दिवसाआड नवा घालत राहतात. शरीरात सोडला तर काही रक्ताबरोबर वाहून जातो, काही एन्झाइमं तोडतात. मग उपाय एकच उरतो, भरमसाट मात्रा. हाड वाढवणारा बीएमपी-२ कोलॅजनच्या स्पंजवर घालून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. स्पंज तो धरून ठेवत नाही, म्हणून मात्रा शरीरातल्या नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट. पुढे मानेच्या मणक्यात तो वापरला तेव्हा गळ्याला धोकादायक सूज येण्याचे प्रकार झाले आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. कितीही चांगला ग्रोथ फॅक्टर आणलात, तो बसणार कुठे ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं.

शरीराकडे याचं उत्तर आहेच. पेशींच्या भोवतीच्या जाळ्यात हेपरान सल्फेटच्या साखळ्या असतात, ऋण प्रभारानं ठासून भरलेल्या. बरेच ग्रोथ फॅक्टर धन प्रभाराचे, ते त्यांच्यावर जाऊन बसतात, तिथे टिकतात, आणि लागतील तसे सुटतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन याच कुळातलं. ज्यूडा फोकमन आणि मायकेल क्लाग्सब्रुन यांच्या गटानं १९८४ मध्ये ट्यूमरमधून रक्तवाहिन्यांना वाढवणारा घटक वेगळा काढला तो हेपरिनच्या कॉलमवर, म्हणजे हेपरिन भरलेल्या नळीत, अडकवूनच. तो सोडवायला त्यांना दीड मोलर मिठाचं पाणी लागलं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ साधारण अर्धा मोलर असतं, म्हणजे पकड किती घट्ट बघा. हा दीड मोलरचा आकडा पुढे मला फार उपयोगी पडला, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

आता शिंपला. समुद्रातल्या खडकाला लाटांच्या माऱ्यातही जो घट्ट धरून बसतो, तो मसल नावाचा काळसर निळा शिंपला. त्याच्या पायातून निघणाऱ्या धाग्यांच्या टोकाशी चिकटप्रथिनं असतात, आणि त्यांत डोपा नावाचं, टायरोसिनवर आणखी एक हायड्रॉक्सिल गट बसून झालेलं अमिनो आम्ल भरपूर असतं. हर्बर्ट वेट आणि मार्विन टॅन्झर यांनी ते १९८१ मध्ये दाखवलं. पण शिंपल्यातून प्रथिन काढायचं तर ग्रॅमभर मिळवायला दहा हजारांच्या आसपास शिंपले लागतात. म्हणून कोरियातल्या पोस्टेक संस्थेतल्या ह्युंग जून चा यांच्या गटानं वेगळी वाट धरली. शिंपल्याचं पाचव्या क्रमांकाचं प्रथिन मधे आणि पहिल्या क्रमांकाच्या प्रथिनातला दहा अमिनो आम्लांचा तुकडा दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा, असं संकरित प्रथिन त्यांनी ई. कोलाय जीवाणूंमध्ये वाढवलं. १-५-१, म्हणून नाव एफपी-१५१. २००७ चा तो लेख माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे, समासात माझ्या शंकांची गर्दी झालेला.

आमच्यासमोर दोन रस्ते होते. फायब्रोनेक्टिन या पेशींभोवतीच्या जाळ्यातल्या प्रथिनाच्या बाराव्या ते चौदाव्या घड्या बऱ्याच ग्रोथ फॅक्टरना थेट धरतात, हे जेफ्री हबेल यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये दाखवलं होतं. तो तुकडा जोडायचा, हा एक रस्ता. दुसरा म्हणजे हेपरिनला पकडणारं छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, जोडायचं, त्यावर हेपरिन बसवायचं आणि हेपरिनवर ग्रोथ फॅक्टर. मला पहिला रस्ता हवा होता, मधला दलाल कशाला? मॅडम म्हणाल्या, "तुझं चिकटप्रथिन शुद्ध करताना काय वापरणार आहेस?" ॲसेटिक ॲसिड, मी म्हटलं. "मग त्यात ती घडी उलगडेल. न्यूट्रल पीएचला तिची परत घडी बसवायला जाशील तेव्हा तुझं चिकटप्रथिन गठ्ठा होऊन तळाशी बसेल. दोघांना एका घरात नांदवायला तुझ्याकडे वर्षं किती आहेत?" पेप्टाइड वीसेक अमिनो आम्लांचं, त्याला घडीच नाही, त्यामुळे उलगडण्याचा प्रश्न नाही. लायसिन आणि आर्जिनिन ही धन प्रभाराची अमिनो आम्लं ठरावीक अंतरावर येतात असा हेपरिन-पकडू साचा कार्डिन आणि वाइनट्रॉब यांनी १९८९ मध्येच मांडला होता. आम्ही तोच साचा चिकटप्रथिनाच्या टोकाला शेपटी म्हणून लावला. सोबत ताडून बघायला शेपटीशिवायचं प्रथिनही केलं. ते तेव्हा मी नाराजीनं केलं होतं, दुप्पट काम म्हणून. पुढे त्यानंच मला वाचवलं.

जीवाणूंनी आपलं काम चोख केलं. आयपीटीजी (प्रथिन बनवायला लावणारं रसायन) दिल्यावर चार तासांत जेलवर, जिथे प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात, जाड बँड, अपेक्षित जागेच्या थोडा वर, कारण इतकं धन प्रभाराचं प्रथिन जेलमध्ये सावकाश सरकतं. मी पहिल्यांदा तो बँड बघून क्लोनच चुकला असं ठरवलं होतं आणि प्लाझ्मिड, म्हणजे प्रथिनाचा जीन वाहणारं डीएनएचं कडं, पुन्हा सिक्वेन्सिंगला पाठवायच्या बेतात होते. प्रथिन पेशीत न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साठतं. पेशी फोडून, गोळे धुऊन, पंचवीस टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये ढवळले की प्रथिन बाहेर येतं आणि जीवाणूंची बरीचशी बाकीची प्रथिनं मागे राहतात. मग युरियामध्ये निकेल कॉलमवर आणखी शुद्ध करायचं. त्या आठवड्यांत माझ्या ॲप्रनला व्हिनेगरचा इतका वास यायचा की मी आले हे न बघताच कळायचं.

पण ई. कोलायला डोपा करता येत नाही. त्याच्याकडून येतं ते साधं टायरोसिन, आणि त्याचं डोपा आपणच करायचं, आळिंबीपासून काढलेलं टायरोसिनेज वापरून. गंमत अशी की हे एन्झाइम डोपावर थांबत नाही, पुढे जाऊन त्याचं क्विनोन करतं. डोपा पृष्ठभागाला चिकटतं. क्विनोन मिळेल त्या अमिन गटाला कायमचं जोडून टाकतं. म्हणून मिश्रणात व्हिटॅमिन सी घालायचं, की क्विनोन परत डोपा व्हावं. आणि बोरेट घालायचं, की डोपाचे दोन्ही हायड्रॉक्सिल झाकले जावेत. एवढं करूनही सगळ्या टायरोसिनचं रूपांतर होत नाही. काम झालं की लगेच आम्लात उतरवायचं, कारण पीएच सातच्या वर डोपा हवेनंच ऑक्सिडाइझ होऊ लागतं. द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी. पहिल्या दिवशी मी नेमकं हेच केलं होतं, पीएच आठच्या बफरमध्ये विरघळवून मोजायला गेले होते. शिंपलासुद्धा आपलं प्रथिन आम्लातच सोडतो, समुद्राचं पाणी लागल्यावर ते घट्ट होतं. शिंपल्याला जे कळतं ते मला कळायला अडीच महिने लागले.

इथवरच्या चुका प्रामाणिक होत्या. आंबलं, सांडलं, तपकिरी झालं, सगळं डोळ्यांना दिसायचं. यापुढच्या चुका यशाचा मुखवटा घालून आल्या.

पहिला प्रयोग साधा. प्लेटच्या खान्यांत प्रथिनाचा लेप द्यायचा, धुवायचं, एफजीएफ-२ घालायचा, काही तासांनी वरचं द्रावण काढून त्यात किती उरला ते एलायझा नावाच्या प्रतिपिंडांच्या चाचणीनं मोजायचं. जेवढा कमी उरला तेवढा लेपानं धरला. माझ्या द्रावणात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं! मी आलेख छापून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "रिकाम्या खान्यात किती उरलं?"

रिकामा खाना मी ठेवलाच नव्हता. लेप नाही तर धरणार कोण, हा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी ठेवला. साध्या, काहीही न लावलेल्या प्लास्टिकनं अर्ध्याहून जास्त एफजीएफ-२ गिळला होता. नॅनोग्रॅमांत काम करताना प्लास्टिक हे फार मोठं गिऱ्हाईक असतं. नळी खाते, टिप खाते, प्लेट खाते. मग बीएसएनं, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिननं, सगळं आधी झाकून घ्यायचं आणि कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरायच्या, असा नेम झाला. रिकामे खाने आता गुणी मुलासारखे वागू लागले. लेपाच्या खान्यांतून मात्र एफजीएफ-२ अजूनही नाहीसा होत होता. मी पुन्हा केबिनमध्ये.

"शेपटीशिवायच्या प्रथिनाचं काय?"

त्यानंही तेवढाच धरला होता. आणि हेपरिन तर मी अजून घातलंच नव्हतं.

मग मात्र डोकं चालेना. एफजीएफ-२ धन प्रभाराचा, माझं प्रथिन त्याहून धन. दोघांनी एकमेकांना दूर ढकलायला हवं. हे जमतंय कसं? दादानं उत्तर सांगितलं नाही, नुसतं मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं. तेव्हा तो दीड मोलरचा आकडा आठवला. लेपावरचा एफजीएफ-२ क्रमानं अर्धा मोलर आणि मग दोन मोलर मिठानं धुतला. प्रभाराच्या ओढीनं सैल टेकलेला असेल तर अर्ध्या मोलरलाच सुटेल. हेपरिनसारख्या घट्ट पकडीनं धरलेला असेल तर दोनला सुटेल. दोन्हीला सुटला नाही तर तो धरलेला नाही, वेल्डिंग केलेला आहे.

माझा कशालाच सुटला नाही. लेपातल्या क्विनोननं एफजीएफ-२ चे लायसिन पकडून त्याला कायमचं ठोकून टाकलं होतं. आणि त्याच्या ज्या बाजूनं तो हेपरिनला आणि पेशीवरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) भेटतो तिथेही लायसिन आहेतच. नाळेच्या शिरेतून काढलेल्या एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशी त्या लेपावर टाकल्या तेव्हा ग्रोथ फॅक्टर असलेल्या आणि नसलेल्या खान्यांत काहीच फरक दिसला नाही. उलट ताज्या लेपावर दोन्हीकडे बऱ्याच पेशी गोल होऊन तरंगत होत्या. डोपा ऑक्सिडाइझ होताना हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, त्याचा हा प्रसाद. एका रांगेत पेरॉक्साइड तोडणारं कॅटॅलेज घातलं तर त्या रांगेतल्या पेशी पसरून बसल्या, तेव्हा खात्री झाली.

वर्षभराचं काम म्हणजे एक महागडा डिंक. त्या रात्री वहीत मी एवढंच लिहिलं: 'चिकटलंय. धरलेलं नाही.'

त्यानंतर सगळा क्रमच बदलला. लेप द्यायचा, तो पृष्ठभागाला बसू द्यायचा, मग उरलेल्या क्विनोनना ग्लायसिन देऊन तृप्त करायचं, भरपूर धुवायचं, रात्रभर बफरमध्ये ठेवायचं, पुन्हा धुवायचं, बीएसए, आणि त्यानंतर हेपरिन. एफजीएफ-२ सगळ्यात शेवटी. लेपाचा चिकटपणा प्लास्टिकपुरता वापरायचा आणि वरच्या अंगाला तो मारून टाकायचा. हे सुचायला इतका वेळ का लागला याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. जे प्रथिन चिकटावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, त्याचा चिकटपणा मुद्दाम मारायचा हे मनाला पटतच नव्हतं.

मधे एक फजिती झाली तीही सांगून टाकते. वेळ वाचवायला मी लेप द्यायच्या आधीच नळीत प्रथिन आणि हेपरिन एकत्र केलं. क्षणात नळी ढगाळली. बिघडलं म्हणून ओतून दिलं, असं तीनदा. चौथ्यांदा दादानं नळी हातातून घेऊन एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. आत गोल गोल, एकमेकांत मिसळणारे द्रवाचे थेंब. विरुद्ध प्रभाराचे दोन लांब रेणू भेटले की ते पाण्यातून वेगळे होऊन दाट द्रव बनवतात, त्याला कोअसर्व्हेट म्हणतात. शिंपल्याच्या प्रथिनाचं असंच कोअसर्व्हेट हायालुरोनिक ॲसिडबरोबर करून त्याचा गोंद म्हणून उपयोग लोकांनी केलेला आहे. मी तीन वेळा सिंकमध्ये ओतला होता. तो धागा आमच्याकडे आता दुसरी एक मुलगी पुढे नेतेय.

नव्या क्रमानं केलेल्या लेपावरचा एफजीएफ-२ अर्ध्या मोलर मिठाला जवळजवळ हलला नाही आणि दोन मोलरला सुटला. म्हणजे यावेळी हेपरिननंच धरला होता. पण मॅडमच्या प्रश्नांवरून मी तोवर शिकले होते, म्हणून जाण्याआधीच शेपटीशिवायचं प्रथिन लावून बघितलं. त्यानंही हेपरिन धरलं होतं, जवळजवळ तेवढंच. साहजिक होतं. मूळ प्रथिनच इतकं धन प्रभाराचं की ऋण प्रभाराचं हेपरिन त्याच्यावर झेप घेणारच, त्याला शेपटीची गरज काय! वीस अमिनो आम्लांसाठी मी क्लोनिंग केलं, नाव ठेवलं, सेमिनार दिला, आणि ती शेपटी बिनकामाची?

या टप्प्यावर मी दोन आठवडे प्रयोग केला नाही. मॅडमनी काही विचारलं नाही. मग एकदा चालता चालता म्हणाल्या, "बफरमध्ये सगळेच शहाणे असतात. सीरममध्ये बघितलंस?"

सीरम, रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, म्हणजे गर्दी. शेकडो प्रथिनं, त्यांतली कित्येक हेपरिनला ओढणारी, शिवाय मीठ. दोन्ही लेप सीरम असलेल्या माध्यमात चार दिवस ठेवले आणि रोज थोडं द्रावण काढून हेपरिन किती सुटलं ते मोजलं. दुसऱ्या दिवशीच रेघा फाकल्या. शेपटीशिवायचा लेप हेपरिन सोडत चालला होता, शेपटीवाल्यानं बराच भाग धरून ठेवला होता. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण तीन वेळा केला तरी तिन्ही वेळा दिसला. शेपटीचं काम हेपरिन पकडण्याचं नव्हतंच, गर्दीत न सोडण्याचं होतं. प्रबंधात मी हे असंच लिहिलं. शेपटीमुळे हेपरिन बसतं असं लिहिलं असतं तर वाचायला छान वाटलं असतं आणि ते खोटं असतं.

एंडोटॉक्सिनचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण ते आठवलं की अजून चिडचिड होते. बॅच बदलली की पेशी वेगळ्या वागायच्या. ग्रोथ फॅक्टर नसलेल्या खान्यातही काही बॅचवर पेशी चिडल्यासारख्या, त्यांच्या अंगावर दाह दाखवणारी प्रथिनं वाढलेली. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, ऋण प्रभाराचं, आणि माझं प्रथिन धन प्रभाराचं लोहचुंबक. जे ग्रोथ फॅक्टरच्या बाबतीत मला हवं होतं ते ते एलपीएसच्या बाबतीतही इमानेइतबारे करत होतं. शेवटी निकेल कॉलमवर प्रथिन बसलेलं असतानाच ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटनं धुवायची पायरी घातली, आणि प्रत्येक बॅच पेशींजवळ नेण्याआधी तपासायची. या तपासणीतही माझ्यासारखं धन प्रभाराचं प्रथिन एलपीएसला झाकून ठेवू शकतं, म्हणून नमुन्यात मुद्दाम माहीत असलेलं एलपीएस मिसळून ते पूर्ण परत दिसतंय का हेही बघायचं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

खात्री पटली ती एका वेगळ्याच प्रयोगानं. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफची दोन रूपं मिळतात, १६५ आणि १२१ अमिनो आम्लांची. १६५ ला हेपरिन धरणारा भाग असतो, १२१ ला नसतो. तेच कुटुंब, तोच रिसेप्टर, फक्त एक हात कमी. माझा लेप नुसता चिकट असेल तर दोघांनाही धरेल. हेपरिनच्या वाटेनं धरत असेल तर १६५ ला धरेल, १२१ ला सोडून देईल. प्लेट वाचकयंत्रात घातली तेव्हा मी मुद्दाम खोलीबाहेर गेले. परत आले तर दादा पडद्यासमोर उभा होता. १६५ च्या खान्यांत ठळक रंग, १२१ चे खाने रिकाम्या खान्यांच्या बरोबरीला. आणि ज्या रांगेत हेपरिनेजनं हेपरिन आधीच कापून टाकलं होतं तिथे १६५ सुद्धा नाही. दादा म्हणाला, "आता धरलंय." एवढंच. मी तो आकड्यांचा कागद केबिनमध्ये नेला तेव्हा मॅडमनी रिकाम्या खान्यांचा प्रश्न विचारला नाही. चष्मा काढून रांगा बोटानं मोजल्या आणि कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

त्यानंतर पेशींचा प्रयोग बऱ्यापैकी शांतपणे झाला. एका प्लेटवर एफजीएफ-२ लेपावर एकदाच बसवलेला, जास्तीचा धुऊन काढलेला. दुसरीत साध्या पृष्ठभागावर तेवढाच एफजीएफ-२ माध्यमात एकदाच घातलेला, तिसरीत दिवसाआड ताजा. चौथ्या दिवशी लेपावरच्या पेशी दिवसाआड ताजा मिळणाऱ्यांच्या जवळपास पोचल्या होत्या, एकदाच मिळालेल्या साध्या प्लेटवर वाढ मंदावली होती. सातव्या दिवशी लेपाचंही बळ ओसरलं. ते का, याचा पुरता छडा अजून लागलेला नाही. हेपरिन हळूहळू सुटतं हा एक भाग आहे, पेशी आपल्या एन्झाइमांनी लेपच कुरतडतात हा दुसरा असावा असा माझा अंदाज. सुटं हेपरिन माध्यमात राहिलं तर ते एफजीएफ-२ ला लेपावरून उचलून नेतो, तेव्हा धुण्याच्या पायऱ्या कमी करून चालत नाहीत. नव्या मुलांना नेमकी हीच पायरी कंटाळवाणी वाटते.

सध्या मी लेप दिलेल्या, एफजीएफ-२ बसवलेल्या प्लेटा गोठवून सुकवून बघतेय, म्हणजे त्या आधी करून ठेवता येतील आणि हव्या तेव्हा पेशी टाकता येतील. हेपरिन एफजीएफ-२ ला उष्णतेपासून आणि आम्लापासून सांभाळतं हे जुनं ज्ञान आहे, सुकवण्यापासून कितपत सांभाळतं ते माझ्या लेपावर बघायचंय. बारा प्लेटा बंद डब्यात चार अंशांवर ठेवल्यात, पहिली येत्या मंगळवारी उघडायची. त्यांतल्या चारांवर लेपच दिलेला नाही.